शेवटच्या बाकावरची प्रार्थना

फ्रान्सच्या दक्षिणेला, पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी लूर्द नावाचं एक लहानसं गाव आहे. १८५८ साली तिथल्या बर्नाडेट सुबिरू या चौदा वर्षांच्या गरीब मुलीला एका गुहेपाशी १८ वेळा मरियामातेचं दर्शन घडलं, अशी कॅथलिक ख्रिस्ती लोकांची श्रद्धा आहे. तेव्हापासून तिथल्या झऱ्याचं पाणी प्यायला, त्यात स्नान करायला जगभरातून आजारी माणसं येतात. दरवर्षी लाखोंनी येतात. चाकाच्या खुर्च्या, स्ट्रेचर, कुबड्या यांचं तिथे कुणाला नवल वाटत नाही. दुखण्यानं पिचलेल्यांचं ते माहेरच म्हणा ना!

नेमक्या याच माहेरी १९६८ साली एका जोडप्याच्या वाट्याला बंद दार आलं. त्यांची दोन्ही मुलं तीव्र मतिमंद होती. चालता येत नव्हतं, बोलता येत नव्हतं, घास भरवावा लागत होता. आपल्या धर्मप्रांताच्या यात्रेबरोबर मुलांना लूर्दला न्यावं, एवढीच आईबापाची इच्छा. यात्रेच्या आयोजकांनी नकार दिला. मुलांना यातलं काही कळणार नाही, शिवाय इतर यात्रेकरूंची गैरसोय होईल, असं कारण सांगितलं. मग ते चौघं आपले आपणच गेले. तिथे हॉटेलवाले घेईनात. शेवटी एकानं घेतलं, पण अट घातली : जेवण खोलीतच करायचं, मुलांना भोजनगृहात आणायचं नाही. रस्त्यातल्या नजरा वेगळ्याच. अशी मुलं असली की माणसानं घरी बसावं, अशा अर्थाचे शेरेही कानांवर पडले. आजाऱ्यांच्या गावात, मातेच्या पायाशी, ते दोघं पूर्वी कधी नव्हते इतके एकटे पडले.

वाचकहो, गाव परदेशातलं असलं तरी गोष्ट आपल्या ओळखीची आहे. लग्नकार्यात मुलाला आतल्या खोलीत बसवणं, पूजेला 'त्याला शेजारी ठेवून या' असं सुचवणं, हे कुठल्या एका धर्माचं किंवा देशाचं वैशिष्ट्य नाही. फरक इतकाच, की या जोडप्याचं दु:ख योग्य कानांवर पडलं. मारी-एलेन मातियू या विशेष मुलांच्या शिक्षिका. अपंगांच्या कुटुंबांसाठी फ्रान्समध्ये त्या एक ख्रिस्ती संस्था चालवत होत्या. त्यांनी आणि जाँ व्हानिए या कॅनेडियन गृहस्थांनी ठरवलं, की यात्रेत या मुलांना 'घ्यायचं' नाही; यात्राच त्यांची करायची.

तयारीला तीन वर्षं लागली. लोकांना एकदम गाडीत बसवून नेलं असतं, तर तो नुसता जथा झाला असता. म्हणून आधी गावोगाव लहान लहान गट केले. त्यात आईबाप होते, मुलं होती आणि ज्यांच्या घरी असं मूल नाही असे मित्रही होते. एकमेकांची नावं कळली, कुणाला काय खायला चालतं, कुणाला कशाची भीती वाटते, हे कळलं. १९७१ च्या ईस्टरला १५ देशांतून १२,००० माणसं लूर्दला उतरली. त्यात सुमारे ४,००० मतिमंद मुलं आणि मोठी माणसं. गावाच्या पोटात गोळा आला होता. हे लोक काय करतील, कुठे सैरावैरा पळतील, काय मोडतोड करतील? तसलं काही झालं नाही. लोक गायले, नाचले, रडले आणि आपापल्या देशी परतले. पण परतल्यावर गट मोडायला कुणी तयार होईना. त्यातूनच 'फेथ अँड लाइट' म्हणजे 'श्रद्धा आणि प्रकाश' ही चळवळ उभी राहिली. आज ऐंशीच्या आसपास देशांत तिचे हजाराहून अधिक गट आहेत.

('मतिमंद' हा शब्द मी वर वापरला, तो त्या काळचा म्हणून. आपल्याकडच्या १९९५ च्या कायद्यातही त्याच अर्थाचा इंग्रजी शब्द होता. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यानं तो काढून 'बौद्धिक अक्षमता' आणला. शब्द बदलल्यानं घरातला दिवस सोपा होत नाही, हे खरं. पण शाळेच्या दारात शिवी म्हणून वापरला जाणारा शब्द सरकारी कागदावर नसलेला बरा.)

आता लूर्द सोडून साध्या रविवारकडे येऊ. ख्रिस्ती उपासनेचं एक वैशिष्ट्य असं, की ती एकत्र करायची असते. आपल्या बहुतेक देवळांत माणूस येतो, दर्शन घेतो, घंटा वाजवतो, निघतो. मूल ओरडलं तरी घंटेच्या आवाजात खपून जातं. चर्चमध्ये तास-दीड तास बाकावर बसायचं. सगळ्यांनी एकदम उठायचं, एकदम गुडघे टेकायचे, आणि मध्ये मध्ये पूर्ण शांतता. ज्या मुलाला लाऊडस्पीकरचा आवाज सुईसारखा टोचतो, धूपाच्या वासानं मळमळतं, गर्दीचा स्पर्श सोसत नाही, त्याच्यासाठी हा तास फार मोठा असतो. त्याच्या आईसाठी त्याहून मोठा. तिचं अर्धं लक्ष वेदीकडे, अर्धं मुलाच्या हातांकडे. प्रवचनातलं एक वाक्य धड ऐकू येत नाही. नेमक्या शांततेच्या क्षणी तो किंचाळतो. पुढची मान वळते. कुणीतरी अगदी प्रेमानं सांगतं, 'आन्टी, त्याला जरा बाहेर न्या ना.' मग दारापाशीचा शेवटचा बाक, मग व्हरांडा, मग 'या रविवारी तुम्ही जा, मी घरी थांबते.' दोघांपैकी एक देवळात, एक घरी. असं करता करता वर्षं जातात आणि एकत्र प्रार्थना करणं हेच सुटतं. श्रद्धा गेली म्हणून चर्च सुटलं असं क्वचित होतं. बहुतेक वेळा चर्च सुटतं आणि मग श्रद्धेचा दिवा तेलाअभावी मिणमिणतो.

त्यात भर 'का?' या प्रश्नाची. हे आमच्याच वाट्याला का? आपल्याकडे याचं उत्तर तयार असतं : पूर्वजन्मीचं पाप. ख्रिस्ती घरात पूर्वजन्म नसतो, म्हणून पाप याच जन्मात शोधलं जातं, आईबापाच्या किंवा आजोबा-पणजोबांच्या खात्यावर. गंमत अशी, की या प्रश्नाचा निकाल योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात लागलेला आहे. जन्मांध माणूस दिसल्यावर शिष्य येशूला विचारतात, की पाप कुणाचं, याचं की याच्या आईवडिलांचं? येशू दोन्ही पर्याय धुडकावतो. दोन हजार वर्षं हा उतारा चर्चमध्ये वाचला जातो आहे आणि तरी नव्या बाळाच्या आईला बाजूला घेऊन 'गरोदरपणात काही चुकलं का गं?' असं विचारणाऱ्या मावश्या कमी झालेल्या नाहीत.

दुसरं टोक कौतुकाचं. 'देव असं मूल खास माणसांनाच देतो', 'हे तर देवदूतच', 'देव झेपेल तेवढंच देतो.' बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण ज्या बाईनं रात्रभर फिट्स येणाऱ्या मुलाला धरून ठेवलं आणि सकाळी गादी धुतली, तिला 'खास' म्हटलं की तिचं तोंड बंद होतं. खास माणसांनी थकायचं नसतं, चिडायचं नसतं, देवाशी भांडायचं तर मुळीच नसतं. माझं मत विचाराल तर दोष देणाऱ्यापेक्षा हा मखरात बसवणारा जास्त एकटं पाडतो.

तिसरे, बरं करून देतो म्हणणारे. प्रार्थनासभेत व्यासपीठावर नेतात, डोक्यावर हात ठेवतात, आणि मूल जसंच्या तसं राहिलं की 'तुमचा विश्वास कमी पडला' असं सांगून मोकळे होतात. लूर्दचं उदाहरण यासाठीच बोलकं आहे. दीडशेहून अधिक वर्षांत तिथल्या हजारो लोकांनी आपण बरे झालो असं सांगितलं. डॉक्टरांकडून कसून तपासणी करून चर्चनं चमत्कार म्हणून मान्य केले ते सत्तरच्या थोडे वर. बाकीचे कोट्यवधी यात्रेकरू आपलं दुखणं बरोबर घेऊनच घरी गेले. तरी लोक पुन:पुन्हा जातात. बरं होणं एवढंच तिथे मिळत असतं, तर गर्दी केव्हाच ओसरली असती.

मग अशा घरात श्रद्धा येते कुठून? प्रत्येकाची वाट निराळी. फ्रान्सचे सेनापती आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले शार्ल द गॉल यांची धाकटी मुलगी ॲन १९२८ साली जन्मली, ती डाउन सिंड्रोम घेऊन. तेव्हाच्या बड्या घराण्यांत अशा मुलाला संस्थेत ठेवून त्याचं नाव न काढण्याची रीत होती. द गॉल पती-पत्नींनी तिला घरीच वाढवलं. लढाया, परागंदा होणं, सगळीकडे ती बरोबर. हा ताठ, मितभाषी माणूस मुलीसमोर गाणी म्हणायचा, नाचायचा. विसाव्या वर्षी, १९४८ साली, ॲन न्यूमोनियानं गेली. तिच्या नावानं त्यांनी अशा मुलींसाठी घर सुरू केलं होतं, आणि १९७० साली द गॉल गेले तेव्हा त्यांच्याच इच्छेनुसार त्यांना कोलोंबे गावात तिच्या शेजारी पुरलं. दोघं पती-पत्नी नेमानं चर्चला जाणारी, पण या विषयावर त्यांनी प्रवचनं झोडली नाहीत. रोज मुलीजवळ बसणं हीच त्यांची उपासना होती, असं मला वाटतं.

अमेरिकेत डेल इव्हान्स आणि रॉय रॉजर्स हे काउबॉय सिनेमातलं लाडकं जोडपं. त्यांची रॉबिन ही मुलगीही डाउन सिंड्रोमची, हृदयही कमजोर. डॉक्टरांनी तिला संस्थेत ठेवण्याचा सल्ला दिला. यांनी घरी नेलं. १९५२ साली दुसरा वाढदिवस दोन दिवसांवर असताना ती गेली. आईनं तिच्या तोंडी घालून लिहिलेलं 'एंजल अनअवेअर' हे छोटं पुस्तक १९५३ मध्ये निघालं आणि भराभर खपलं. मघाशी मी देवदूत म्हणणाऱ्यांवर बोलले आणि हे तर देवदूताचंच पुस्तक. पण त्या काळात लपवून ठेवलेली मुलं घेऊन आईबाप रॉजर्स पती-पत्नींच्या खेळांना येऊ लागले, ही गोष्ट मोठीच. आईनं स्वत:च्या मुलीला देवदूत म्हणणं वेगळं आणि शेजारणीनं म्हणणं वेगळं.

आणि ज्यांना कृतज्ञता सुचतच नाही त्यांचं काय? त्यांच्यासाठी बायबलमध्ये जागा आहे. स्तोत्रसंहितेतली कितीतरी स्तोत्रं तक्रारीची आहेत; रडणारी, जाब विचारणारी. ८८ वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी आशेचा किरणबिरण नाही. तरी ते प्रार्थना म्हणून हजारो वर्षं म्हटलं जातं. मार्काच्या शुभवर्तमानात फिट्स येणाऱ्या मुलाचा बाप येशूकडे येतो. त्याचा विश्वास धड आहे म्हणावं तर नाही, नाही म्हणावं तर आहे. तो ते तसंच, लपवाछपवी न करता सांगतो. येशू त्याला 'आधी विश्वास पूर्ण कर, मग ये' असं म्हणून परत पाठवत नाही. दमलेल्या आईबापांसाठी सगळ्या बायबलमध्ये याच्याइतका जवळचा माणूस मला दिसत नाही.

या कुटुंबांचा खरा कस लागतो तो कम्युनियनच्या, म्हणजे ख्रिस्तप्रसादाच्या प्रश्नावर. कॅथलिक मुलं साधारण सात-आठ वर्षांची झाली, की धर्मशिक्षण घेऊन प्रथम ख्रिस्तप्रसाद घेतात. पांढरे कपडे, फोटो, जेवण. घरातला मोठा सोहळा. हे वय १९१० साली पोप दहावे पायस यांनी खाली आणलं. त्याआधी मुलांना बरीच वर्षं थांबावं लागे. कारण समजूत अशी, की आपण काय घेतो आहोत हे घेणाऱ्याला कळलं पाहिजे. मग ज्याला कळत नाही, किंवा कळतं की नाही हे सांगता येत नाही, त्याचं काय? धाकटी बहीण पांढऱ्या झग्यात वेदीपाशी जाते आणि थोरला भाऊ बाकावर. 'त्याला काय गरज, तो निष्पापच आहे', असं अनेक आयांना सांगितलं गेलं. स्तुतीच ती, पण दार लावणारी.

१९९५ साली अमेरिकेतल्या कॅथलिक बिशपांनी याबद्दल नियमावली काढली. तिचं सार असं, की ही साधी भाकर नाही, येशूचं शरीर आहे, एवढा भेद त्या व्यक्तीला करता आला की पुरे. आणि तो शब्दांतच सांगायला हवा असं नाही. हावभावातून, वागण्यातून, नुसत्या आदराच्या शांततेतून दिसलं तरी चालेल. शंका असेल तिथे त्या व्यक्तीच्या बाजूनं झुकावं. गिळायला त्रास असेल तर प्रसादाचा अगदी कणभर तुकडा किंवा नुसता द्राक्षारसाचा थेंबही पुरतो. ज्या आईनं वर्षानुवर्षं मुलाच्या डोळ्यांची उघडझाप वाचली आहे, तिला हा 'भेद' दिसतो. अट एवढीच, की फादरनी तिच्यावर विश्वास ठेवला पाहिजे.

केरळातल्या मलंकरा ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये तर हा प्रश्नच उद्भवत नाही. तिथे तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा होतो आणि त्याच वेळी त्याला ख्रिस्तप्रसादही दिला जातो. पूर्वेकडच्या चर्चची ही फार जुनी रीत. त्या बाळाला काय कळतं? काहीच नाही. आईचं दूध काय आहे हे कळायच्या आधी बाळ ते पितं, तसंच हे. समजेची परीक्षा घ्यायची तर वेदीपुढच्या रांगेतले आपण शहाणे तरी किती उतरू, हा प्रश्न आहेच!

इथे एक गोष्ट झाकून पुढे जाता येणार नाही. 'फेथ अँड लाइट'चे सहसंस्थापक जाँ व्हानिए यांनी १९६४ साली फ्रान्समधल्या त्रोली-ब्रय या खेड्यात दोन अपंग पुरुषांना आपल्या घरी आणून 'लार्श'ची सुरुवात केली होती. अपंग आणि धडधाकट माणसांनी एका घरात राहायचं, ही कल्पना जगभर पसरली. व्हानिए २०१९ मध्ये गेले, तेव्हा त्यांना संत म्हणणारे खूप होते. २०२० मध्ये 'लार्श'नंच नेमलेल्या चौकशीत उघड झालं, की आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या नावाखाली त्यांनी सहा स्त्रियांचं लैंगिक शोषण केलं होतं. २०२३ च्या सविस्तर अहवालात हा आकडा किमान २५ वर गेला. त्या स्त्रिया अपंग नव्हत्या, पण त्यामुळे गुन्हा हलका होत नाही. ज्या आईबापांनी या माणसाची पुस्तकं उशाशी ठेवली होती, त्यांना काय वाटलं असेल? संस्थेनं सत्य स्वत:हून बाहेर आणलं, एवढी जमेची बाजू. घरं चालू राहिली, कारण ती मुळात त्यांच्या नावावर चालत नव्हती. ती चालत होती रोज सकाळी कुणीतरी कुणाला तरी आंघोळ घालत होतं म्हणून.

हेन्री नाउवेन या डच धर्मगुरूची हकीकत याच घरांतली. येल आणि हार्वर्डला शिकवलेला, पुस्तकांनी नावारूपाला आलेला हा माणूस १९८६ मध्ये कॅनडातल्या टोरांटोजवळच्या 'डेब्रेक' या लार्शच्या घरात राहायला गेला. तिथे त्याच्याकडे ॲडम नावाच्या तरुणाचं काम आलं. ॲडमला बोलता येत नव्हतं, फिट्स येत. त्याला उठवणं, आंघोळ, दाढी, कपडे, न्याहारी यात दोन-दोन तास जात. सुरुवातीला नाउवेन घाबरले होते. पुढे या दोन तासांनी आपल्याला विद्यापीठापेक्षा जास्त शिकवलं, असं ते सांगू लागले. अर्थात, आपल्या घराघरांतल्या आया हे दोन तास पगाराशिवाय आणि पुस्तकाशिवाय रोज करतात, हेही लक्षात असू द्यावं.

'लार्श'चं भारतातलं पहिलं घर १९७० साली बंगळुरूला सुरू झालं. नाव 'आशा निकेतन'. पुढे कोलकाता, चेन्नई आणि केरळातही घरं झाली. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती असे सगळे एका छताखाली, तेव्हा प्रार्थनाही सगळ्यांची. दिवा लावायचा, एखादं भजन, थोडी शांतता. मूळ ख्रिस्ती घराला भारतात आल्यावर दारं रुंद करावी लागली, हे मला फार आवडतं. तसंही आपल्याकडे बांद्र्याच्या माऊंट मेरीला सप्टेंबरच्या जत्रेत मेणाचे हात, पाय आणि बाळं वाहणाऱ्यांत ख्रिस्ती किती आणि इतर किती, हे कुणी मोजत नाही. वेलांकण्णीलाही तेच.

आपल्या चर्चमध्ये काय करता येईल, असं विचारणाऱ्यांना खर्चाचं काही सुचवायचं नाही. मुलाला आदल्या दिवशी रिकाम्या चर्चमध्ये फिरवून आणू द्या. बाक, वेदी, पायऱ्या ओळखीच्या झाल्या की भीती निम्मी होते. लाऊडस्पीकरपासून लांबची, दाराजवळची जागा त्यांची म्हणून राहू द्या. मात्र ती त्यांनी निवडलेली असावी, नेमून दिलेली नव्हे. घंटा वाजवायला, पुस्तकं वाटायला त्याला बोलवा. तो ओरडला तर फादरनी क्षणभर थांबून, हसून पुढे सुरुवात केली, की सगळी मंडळी काय ते समजतात. आणि भावंडांकडे लक्ष द्या. त्यांना कुणी विचारत नाही.

पण या सगळ्याच्या तळाशी एक भीती असते, ती प्रार्थनेतही मोठ्यानं म्हटली जात नाही : आमच्या मागे याचं काय? १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यानं आत्ममग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी अठराव्या वर्षानंतर पालक नेमण्याची सोय केली. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करता येतो. तो आईबापांनी हयातीतच करावा, टाळू नये. कायदा सही करणारा पालक देईल. पण त्याला चहात किती साखर लागते हे माहीत असलेला माणूस कुठून येणार?

'फेथ अँड लाइट'चे गट तीसेक जणांचे असतात, महिन्यातून एकदा भेटतात. गप्पा, प्रार्थना आणि काहीतरी साजरं करणं, हे त्यांचे तीन भाग. चौथा भाग दोन भेटींच्या मधला, आणि तोच अवघड मानतात. त्यात ठरलेला कार्यक्रम नसतो. गटातलं कुणीतरी मंगळवारी संध्याकाळी घरी येतं, मुलाशेजारी बसतं, त्याचा तोच तो पत्त्यांचा डाव दहा वेळा मांडतं. तेवढ्या दोन तासांत आईबाप भाजी आणतात, बँकेत जातात, कधी नुसतेच समुद्रावर जाऊन बसतात. एखाद्या रविवारी दोघं एकत्र चर्चला जातात, आणि प्रवचन पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकतात.